ओट्याच्या रिकाम्या कोपऱ्यात काय लावायचं, आणि त्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीच्या गावभागात तळमजल्यावरचं घर. ओटा एल आकाराचा, एका हाताला सिंक, दुसऱ्या हाताला गॅस, आणि दोन्हींच्या मधला कोपरा छतापर्यंत मोकळा. ओट्यापासून दोन फूट टाइल्स, त्याच्या वर रंग. एका भिंतीपलीकडे बाथरूम. २०१९ आणि २०२१ च्या पुरात घरात पाणी आलं होतं. तिथे उघड्या फळ्या लावाव्यात की बंद कपाट, आणि दिसायलाही बरं कसं करावं?

उघड्या फळ्या लावा, आणि त्या उथळ ठेवा. आठ इंच पुरे. बहुतेक सुतार इथे बारा इंच खोल कपाट सुचवतील, कारण बाकीची कपाटंही तेवढीच असतात. कोपऱ्यात मात्र खोली हीच अडचण असते. जे दिसत नाही ते वापरलं जात नाही, वर्षभराने त्याला पोरकिडे लागलेले सापडतात.

पण सुतार नंतर. आधी भिंत.

पुराचं पाणी उतरलं, भिंत वरून सुकली, रंगही दिला, तरी आत ओल राहते आणि पाण्यात विरघळलेले क्षार हळूहळू पृष्ठभागावर येतात. पांढरी पूड किंवा रंगाचे पोपडे म्हणजे लोणा. तुमच्या बाबतीत संशय दोघांवर आहे, पूर आणि बाथरूम, आणि दोघांचा इलाज वेगळा. फुटभर लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा रंगाच्या भागावर चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, आले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला आले तर ती स्वयंपाकाची वाफ आहे. एक्झॉस्ट पंखा लावा, भिंत ठीक आहे. ही तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये करू नका, हवाच इतकी दमट असते की निकाल फसवा येतो.

ओल भिंतीतलीच निघाली तर तिचा आकार बघा. जमिनीपासून वर चढत दोन-तीन फुटांवर विरत जाणारा पट्टा असेल तर तो जमिनीचा किंवा पुराचा. मधेच कुठेतरी, नळाच्या किंवा शॉवरच्या उंचीवर गोल डाग असेल तर बाथरूमची पाइप गळते आहे. ट्रॉल्या बाहेर काढून ओट्याखालची भिंतही बघा, कारण ओल तिथे आधी दिसते आणि आपण तिथे सगळ्यात शेवटी पाहतो.

गळती असेल तर प्लंबरचं काम झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुराची ओल असेल तर डाग दिसतो त्याच्या फूट-दीड फूट वरपर्यंतचा गिलावा काढा, क्षार कोरड्या तारेच्या ब्रशने झाडा आणि भिंत उघडी ठेवा. क्षार पाण्याने धुऊ नका, ते विरघळून परत विटेत जातात. विटेची भिंत सुकायला ढोबळ हिशेबाने जाडीच्या प्रत्येक इंचाला महिना धरा, म्हणजे नऊ इंची भिंतीला जवळजवळ एक पावसाळा सोडून बाकीचं वर्ष. इतकं थांबायला कोणी तयार नसतं, म्हणून वॉटरप्रूफ पुट्टी मारून मोकळे होतात. आतली ओल बाहेर यायला वाट शोधते आणि पुट्टीच ढकलून काढते. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ काहीही लावणं म्हणजे पैसे दोनदा घालणं. थांबणं शक्यच नसेल तर तेवढ्या भागात चुन्याचा हात द्या आणि फळ्यांचं काम फक्त वरच्या कोरड्या भागात करा.

आता आठ इंचांचा हिशेब. ओटा २४ इंच खोल आहे. तुम्ही एलच्या आतल्या कोनात उभे राहिलात की दोन्ही भिंती जिथे मिळतात तो बिंदू तिरक्या रेषेत ३४ इंचांवर असतो (२४ गुणिले १.४१). पाच फूट उंचीच्या माणसाचा हात खांद्यातून सरळ पुढे केला तर दोन फुटांच्या आसपास पोचतो. म्हणजे खरा कोपरा हाताच्या टप्प्यातच नाही. दोन्ही भिंतींवर आठ इंची फळी फिरवली की फळीचा आतला कोन भिंतीच्या कोपऱ्यापासून सव्वाअकरा इंच पुढे येतो आणि तुमच्यापासूनचं अंतर पावणेतेवीस इंचांवर येतं. सामान हाताशी आलं. बारा इंची बंद कपाटात उलट होतं: कोपऱ्यातला एक फूट बाय एक फूट चौकोन दाराआड जातो आणि शेजारच्या कपाटाचं दार उघडलं की ते याच दारावर आपटतं.

बाजारात कोपऱ्यासाठी तिकोनी फळ्या तयार मिळतात, काचेच्या, प्लास्टिकच्या. दिसायला नेटक्या, उपयोगाला अगदी कमी. १२ इंच बाजूच्या तिकोनी फळीचं क्षेत्रफळ ७२ चौरस इंच, आणि तिच्यावर बसणारा सगळ्यात मोठा गोल डबा सात इंच व्यासाचा. एकच. तेवढ्याच बाजूची पाव-गोल फळी केली तर क्षेत्रफळ ११३ चौरस इंच होतं आणि दहा इंचाचं गोल पातेलं बसतं. एल आकाराची फळी याहून सरस. तुमच्या घरी एक हात सिंकच्या बाजूला २४ इंच आणि दुसरा गॅसच्या बाजूला १६ इंच धरा. त्यावर सात इंची चार डबे एकाच ओळीत राहतात, कोणी कोणाच्या मागे नाही. तुमचं काम एलनेच होईल. पाव-गोल फळी फ्रिजशेजारच्या किंवा खिडकीच्या अरुंद कोपऱ्याला ठीक.

गॅसकडचा हात आखूड ठेवायचं कारण सांगायला नको, तरी सांगतो: बर्नरच्या कडेपासून आडवं किमान एक फूट अंतर सोडा आणि शेगडीच्या थेट वर लाकूड-प्लास्टिकचं काही आणू नका. शिवाय फोडणीची तेलकट वाफ तीन फुटांपर्यंत सगळ्यावर चिकट थर धरते. त्या टप्प्यात रोज हाताळली आणि धुतली जाणारी वस्तूच ठेवा, म्हणजे मिठाची बरणी, तेलाची किटली, झारे-पळ्यांचा डबा. शोभेच्या वस्तू सिंककडच्या हातावर.

कशाची फळी? आपल्याकडे हात आपोआप कडप्प्याकडे जातो, आणि पुराच्या घरात ओट्याखाली मी कडप्पाच सांगेन. भिजला तरी फुगत नाही. ट्रॉलीच्या खोक्यांना तिथे एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) अजिबात नको, एकदा पाणी प्यायलं की बिजागऱ्यांचे स्क्रूसुद्धा धरत नाही. पण वर, भिंतीवर, वजन मोजा. २ फूट बाय १ फूट आणि २० मिमी जाडीचा कडप्पा साधारण दहा किलो भरतो, तेवढंच १८ मिमी प्लाय सव्वादोन किलोच्या आसपास. कडप्पा भिंतीत दोन-तीन इंच खाच पाडून बसवायची पद्धत नऊ इंची भिंतीत ठीक आहे. बाथरूमकडची भिंत बहुधा चार इंची असते. तिच्यात खाच पाडू देऊ नका, गवंडी कितीही खात्री देवो. वरच्या फळ्यांना १८ मिमी बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारं, प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का पाहून. लॅमिनेट वरून आणि खालून, दोन्हीकडून लावायला सांगा. एकाच बाजूला लावलं तर फळी काही महिन्यांत धनुष्य होते. कापलेल्या कडा एज बँडने, म्हणजे कडेला चिकटवायच्या पट्टीने, बंद हव्यात, भिंतीकडची कडसुद्धा; ती दिसत नाही म्हणून सोडतात आणि फुगायला तिथूनच सुरुवात होते.

माप घेताना कोपरा काटकोनात आहे असं गृहीत धरू नका, जवळजवळ कधीच नसतो. एका भिंतीवर ३० सेंमी, दुसरीवर ४० सेंमी खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५० यायला हवं. जास्त आलं तर कोन काटकोनापेक्षा मोठा, कमी आलं तर लहान. पाव सेंमीचा फरकही दोन फुटांच्या हातावर डोळ्यांना दिसणारी फट पाडतो. त्यापेक्षा पुठ्ठा कापून कोपऱ्यात बसवा आणि तोच सुताराला साचा म्हणून द्या. प्रत्येक फळीच्या उंचीवर वेगळा पुठ्ठा, कारण गिलावा वर-खाली सारखा नसतो. आणखी एक गोम टाइल्सची: जिथे त्या संपतात तिथे ८ ते १० मिमीची पायरी असते. ब्रॅकेटचा एक स्क्रू टाइलवर आणि दुसरा रंगावर आला तर ब्रॅकेट तिरका बसतो आणि तो सरळ करायला कारागीर स्क्रू आवळत जातो. टाइल तिथे तडकते. म्हणून फळीची उंची अशी ठरवा की ब्रॅकेट पूर्ण टाइलवर किंवा पूर्ण रंगावर येईल.

तुमच्या ओट्यासाठी पहिली फळी ओट्यापासून १८ इंचांवर, दुसरी त्यावर दहा इंचांनी. पहिलीचा ब्रॅकेट मग पूर्ण टाइलवर राहतो. दुसरीचा उभा हात खाली लोंबून टाइलच्या कडेवर येतो. तिथे तो फळीच्या वरच्या बाजूला येणारा घ्या, किंवा फळी ३३ इंचांवर न्या. खालच्या फळीखाली मिक्सर भांड्यासकट उभा राहतो का ते मोजून घ्या, झाकण उघडायला वर चार इंच धरून. तिसरी फळी लावलीत तर ती जमिनीपासून सहा फुटांच्या वरखाली येईल. ओट्यापलीकडे तिथवर रोज हात पोचत नाही. ती शोभेची समजा.

भोक पाडताना भुकटीकडे लक्ष द्या, भिंत कशाची आहे ते तीच सांगते. लाल भुकटी म्हणजे वीट, साधा ८ मिमी प्लग चालतो. पांढरट, हलकी, आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत जातं, म्हणजे हलका ब्लॉक. त्यात हॅमर बंद करून भोक पाडा आणि ब्लॉकसाठीचा लांब नायलॉन प्लग वापरा, साधा प्लग फिरत राहतो. करडी भुकटी आणि ड्रिल पुढेच सरकत नाही, म्हणजे काँक्रीट. कोपऱ्यात हे बरेचदा होतं, कारण इमारतीचा खांब बहुधा कोपऱ्यातच असतो. हॅमर ड्रिलने भोक पडेल, पण सळई लागली तर जोर लावू नका. इंचभर बाजूला सरका.

टाइलवर आधी कागदी टेप चिकटवा, खूण त्यावर करा, आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद, वेग कमी. कडेपासून इंचभर आत. टाइल बोटाच्या पेराने ठोकून पाहा, पोकळ वाजली तर ती जागा सोडा. भोक ५५-६० मिमी खोल हवं, कारण त्यातले पहिले पंधरा-वीस मिमी टाइल आणि गिलाव्यातच जातात आणि गिलावा वजन धरत नाही. भुकटी फुंकून बाहेर काढा. आत राहिली तर प्लग पूर्ण बसत नाही आणि लोक त्याचं बाहेर राहिलेलं टोक कापून टाकतात. तिथूनच ढिला ब्रॅकेट सुरू होतो.

वायर आणि पाइपचं भान ठेवा. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक नको. बाथरूमकडच्या भिंतीसाठी आधी बाथरूममध्ये जाऊन नळ आणि शॉवर बाहेरच्या भिंतीपासून किती अंतरावर आहेत ते मोजा आणि तेवढंच अंतर स्वयंपाकघरात खूण करा. त्या उभ्या पट्ट्यात, दोन्हीकडे सहा इंच सोडून, काही ठोकू नका.

आधार कसा द्यायचा यात बरीच गफलत होते. पाव-गोल फळीला दोन भिंतींवर दोन पट्ट्या लावल्या की पुढून ब्रॅकेट लागत नाही, हा कोपऱ्याचा खरा फायदा आहे. एल फळीचं तसं नाही. तिच्या लांब हाताला मागून फक्त पट्टी दिली तर मोकळं टोक पुढे कलतं. २५ मिमीचा ॲल्युमिनियम अँगल दोन्ही भिंतींवर फिरवा, आणि प्रत्येक मोकळ्या टोकापासून तीन इंच आत एक ब्रॅकेट द्या. ब्रॅकेटचा लांब हात भिंतीवर, आखूड फळीखाली. उलटा लावला तर वरच्या स्क्रूवर ओढ वाढते आणि तो प्लगसकट बाहेर येतो. दोन हातांचा सांधा कोपऱ्याच्या चौकोनात नको. एक हात सलग कोपऱ्यापर्यंत जाऊ द्या, दुसरा त्याला भिडवा.

बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर फळी आणि भिंत यांत बोटभर फट ठेवा, हवा फिरते. सांगलीपेक्षा साताऱ्यातल्या घरांना हे जास्त लागू. तिथे पाऊस पश्चिमेकडून तिरका मारतो आणि पश्चिमेची भिंत जुलैभर ओलीच असते. साताऱ्यातल्या जुन्या, दगड-मातीच्या भिंतींना तर प्लगच लागत नाही, दगडांमधल्या मातीच्या सांध्यात तो नुसता फिरतो. तिथे भिंतीला न छेडता कोपऱ्यात लोखंडी किंवा स्टीलची उभी मांडणी ठेवा आणि कोनाडा असेल तर बुजवू नका. कोनाड्याला आतून चुना, मापाची एक फळी, आणि खाली पायरीसारखी कडप्प्याची पट्टी. फ्लॅटमध्ये हजारो रुपये घालून जे करतात ते आयतंच मिळालेलं असतं. सिमेंटचा गिलावा आणि पुट्टी या भिंतींना वर्ज्य. ओल कोंडते, दगडामागची माती सुटते.

आता शोभा. उघड्या फळीवर काचेच्या बरण्यांत मसाले मांडायची फार आवड दिसते. सांगलीच्या हळदीसारखी हळद अशी उजेडात ठेवणं शहाणपणाचं नाही. हळदीचा रंग उजेडाने उतरतो, मिरचीपुडीचाही. कांदा-लसूण मसाला वर्षभराचा असेल तर तो अंधारात, चिनी मातीच्या बरणीत आणि गॅसपासून लांब. उघड्यावर काचेत डाळी, पोहे, तासगावचे बेदाणे ठेवा, तेही आठवड्यात संपतील एवढेच. बरण्या एकाच उंचीच्या घेतल्यात तर निम्मी शोभा तिथेच येते.

कोपरा अंधारा वाटतो कारण छताचा दिवा तुमच्या पाठीमागे असतो आणि तुमचीच सावली ओट्यावर पडते. खालच्या फळीच्या पोटाला, पुढच्या कडेला, एलईडी पट्टी लावा. मागे भिंतीजवळ लावली तर उजेड टाइलवर चमकतो, कामावर पडत नाही. फार पांढरा उजेड नको, त्यात अन्न फिकं दिसतं. माझ्या मते कोपरा सजवायला बाकी काही केलं नाही तरी ही एक पट्टी पुरते.

रंग कोरड्या भिंतीवर पुसता येणारा सॅटिनचा, दोन्ही भिंतींना एकच. कोपऱ्यात दोन रंग भेटले की गिलाव्याची वाकडी रेघ ठळक होते. वर मोकळ्या भागात नळीचा एक दांडा लावून परात, काथवट, पितळी झारा टांगलात तर ती शोभाही आहे आणि सोयही. परात १८ इंचांची असेल तर दांडा भिंतीपासून तीन इंच पुढे हवा, नाहीतर तिची कड रंग घासते. मनी प्लांटची बाटली चालेल, फक्त पाणी आठवड्याला बदला, डास होतात. चित्रं, कागदी फ्रेमा नकोत. तेलाने सहा महिन्यांत पिवळ्या पडतात.

याच कोपऱ्यात देवघर करायचा विचार असेल तर वास्तूचं काय ते तुम्ही ठरवा, पण निरांजनाच्या ज्योतीवर दीड-दोन फूट मोकळं ठेवा आणि वरची फळी लाकडाची नको. ओट्याखाली याच कोपऱ्यात सिलिंडर असेल तर तो उभाच राहायला हवा आणि कपाटाच्या दाराला खाली-वर दोन्हीकडे झरोके हवेत. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. खालचा झरोका म्हणूनच महत्त्वाचा. ओट्याखालच्या आंधळ्या कोपऱ्यासाठी फिरत्या जाळ्या मिळतात, पण त्यांना दोन्हीकडून तीन फुटांच्या आसपास जागा लागते आणि पुराच्या घरात त्या यंत्रणेवर खर्च करू नये असं माझं मत. त्यापेक्षा ओट्यावरच कोपऱ्यात बारा-चौदा इंचांचं फिरतं ताट ठेवा; मागची बाटली बोटाने फिरवून जवळ येते.

भाड्याचं घर असणाऱ्यांनी चिकटवायचे हुक फक्त टाइलवर वापरावेत. टाइल स्पिरिटने पुसा, हुक दाबून लावा, वजन चोवीस तासांनी टांगा. डिस्टेंपरवर ते रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येतात.

सगळं बसल्यावर ओटा आणि टाइल यांच्यातली फट पांढऱ्या सिमेंटने भरू नका. ओटा आणि भिंत वेगवेगळे हलतात, सिमेंट तडकतं आणि त्या चिरेत झुरळं घर करतात. फट कोरडी करून बुरशीरोधक सिलिकॉन भरा, ओल्या बोटाने गुळगुळीत करा, एक दिवस पाणी लागू देऊ नका. फळ्यांवर पहिला आठवडा हलकंच सामान ठेवा, मग ब्रॅकेटचे स्क्रू एकदा तपासून डबे चढवा.